आखडलेला खांदा कसा सोडवायचा: पहिल्या रात्रीपासून अबोलीची फाती माळेपर्यंत

चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आधी पंधरा-वीस दिवस माझ्याकडे हमखास कोणीतरी पन्नाशीतला यजमान येतो. तक्रार एकच: माटोळी बांधायची आहे आणि हात कानापर्यंतही जात नाही. नारळ, सुपारीचे घोस, केळ्यांचा घड डोक्यावरच्या चौकटीला बांधायचे म्हणजे दोन्ही हात वर लागतात, आणि या माणसाचा उजवा हात छातीच्या उंचीवर येऊन अडतो. ‘खांदो धरला,’ एवढंच तो सांगतो. कधीपासून म्हणून विचारलं, की उत्तर येतं, ‘शिगम्याच्या सुमारास थोडं दुखायला लागलं होतं.’ शिगमो, म्हणजे आमचा होळीचा सण, ते चवथ म्हणजे पाच-सहा महिने झाले. तेवढा काळ मलम, मालीश, शेजाऱ्याने सुचवलेली गोळी आणि ‘जाईल आपोआप’ यात निघून गेलेला असतो.

मी गोव्यात फोंड्याच्या बाजूला फिजिओथेरपी करते. ज्यांचं दुखणं नुकतंच सुरू झालंय किंवा ज्यांच्या कागदावर डॉक्टरांनी नुकतंच ‘फ्रोझन शोल्डर’ (आखडलेला खांदा) लिहिलंय, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. तपासणीच्या पंधरा मिनिटांत सगळं सांगून होत नाही, आणि जे राहून जातं त्यानेच बरेचदा घोळ होतो.

आधी खात्री करा

खुर्चीवर ताठ बसा. दोन्ही कोपरं बरगड्यांना चिकटवा आणि हातात पूजेचं ताट धरल्यासारखे हात काटकोनात वाकवा. आता कोपर न हलवता दोन्ही पंजे बाहेरच्या बाजूला न्या. चांगल्या बाजूचा पंजा बराच बाहेर जाईल, धरलेल्या बाजूचा जेमतेम हलून थांबेल. मग घरच्या कोणाला तरी तोच हात हळूच बाहेर न्यायला सांगा. खरी मेख इथे आहे. तुम्हाला नेता येत नव्हता, पण दुसऱ्याने नेल्यावर सहज गेला, तर सांधा मोकळा आहे. तेव्हा दुखणं बहुधा कंडरांचं, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांचं असतं आणि त्याचे उपचार वेगळे. दुसऱ्यालाही नेता येत नसेल, आतून कडी लावल्यासारखा हात अडत असेल, तर फ्रोझन शोल्डरची शक्यता मोठी.

तरीही एक एक्स-रे काढाच. या आजारात एक्स-रे बहुतेक वेळा नॉर्मल येतो, म्हणून पुष्कळांना तो खर्च फुकट गेल्यासारखा वाटतो. पण सांध्याची झीज नाही, खांदा निखळलेला नाही, हाडात दुसरं काही नाही, हे त्यातूनच कळतं. पडल्यानंतर हात उचलता येईनासा झाला असेल, ताप असेल, खांदा सुजून लाल झाला असेल, हाताला मुंग्या येत असतील, वजन उतरत असेल किंवा पूर्वी कर्करोगावर उपचार झाले असतील, तर डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय एकही व्यायाम करू नका. आणि डाव्या खांद्यातल्या कळीबरोबर धाप, घाम किंवा छातीत दडपण असेल तर खांद्याचा विचार सोडा आणि १०८ ला फोन लावा.

रक्ताच्या दोन तपासण्या मी आग्रहाने करायला सांगते: एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर) आणि टीएसएच (थायरॉइडची). एरवी १०० जणांत साधारण २ ते ५ जणांना होणारा हा आजार मधुमेह असलेल्या १०० जणांत १० ते २० जणांना होतो. थायरॉइडच्या रुग्णांतही तो जास्त दिसतो. आपल्याला साखर आहे हे खांदा धरल्यावरच पहिल्यांदा कळलं, असे लोक मी पाहिलेत. वय बहुधा ४० ते ६०, आणि पुरुषांपेक्षा बायका जास्त.

आत काय झालंय

खांद्याचा सांधा एका पातळ पिशवीत असतो. झंपर शिवणारी बाई काखेत थोडं कापड सैल ठेवते, म्हणून हात वर केला तरी शिवण उसवत नाही. सांध्याच्या पिशवीलाही काखेच्या बाजूला तशीच सैल घडी असते. या आजारात आधी पिशवीला सूज येते, मग ती जाड होते, आकसते आणि ती घडी मिटून जाते. निरोगी खांद्याच्या पिशवीत साधारण २० ते ३० मिली द्रव मावतो, आखडलेल्या खांद्यात १० मिलीही कठीण. म्हणजे तुमचा हात कमजोर झालेला नाही, त्याला फिरायला जागा उरलेली नाही. तेल जिरवून किंवा ‘नस मोकळी करून’ ही जागा परत येत नाही. खोबरेल लावून हलक्या हाताने चोळलं तर बरं वाटतं, जरूर चोळा, पण त्याच्याकडून तेवढीच अपेक्षा ठेवा.

आजाराचे टप्पे तीन. पहिला दुखण्याचा, दोन ते नऊ महिने. दुसरा आखडण्याचा, चार ते बारा महिने, ज्यात दुखणं उतरतं पण हात अडलेलाच राहतो. तिसरा सुटण्याचा, जो काही महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत चालतो. हे आकडे ऐकून लोकांचा चेहरा पडतो, पण ते पहिल्याच दिवशी सांगितलेले बरे. ‘आठ दिवसांत मोकळा करतो’ म्हणणाऱ्याकडे पैसे आणि खांदा दोन्ही देण्यापेक्षा हे माहीत असणं चांगलं.

पहिली पायरी: झोप

व्यायामाच्या आधी मी झोपेबद्दल विचारते. दुखण्याच्या टप्प्यात रात्री दोन-तीनला जाग येते, कूस बदलताना कळ मस्तकात जाते, आणि सकाळी माणूस आधीच थकलेला असतो. अशा माणसाला व्यायामाचा कागद देऊन काही होत नाही.

उताणे झोपत असाल तर पंचाची किंवा जुन्या लुगड्याची घडी करून दुखऱ्या बाजूच्या दंडाखाली, कोपरापर्यंत ठेवा. कोपर गादीकडे मागे पडलं की खांद्याची पुढची बाजू ताणली जाते आणि तिथूनच रात्रीची कळ उठते. घडीने कोपर खांद्याच्या पातळीला येतं. कुशीवर झोपायची सवय असेल तर चांगल्या कुशीवर झोपा आणि छातीशी एक जाड उशी घेऊन दुखरा हात तिच्यावर ठेवा. एवढ्यानेच पहिल्या आठवड्यात दोन तास जास्त झोप लागली असं सांगणारे बरेच असतात.

तरीही रात्री दुखतच असेल तर ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडून गोळ्या घ्या, आणि सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेण्याबद्दल त्यांच्याशी बोला. इंजेक्शनच्या नावाने आपल्याकडे फार भीती आहे. पण दुखण्याच्या टप्प्यात वेळेवर दिलेलं इंजेक्शन दुखणं उतरवतं आणि त्यामुळे व्यायाम शक्य होतो. हात पूर्ण आखडल्यावर त्याचा उपयोग कमी. मधुमेह असेल तर इंजेक्शननंतर काही दिवस साखर चढते. ते आधीच सांगा आणि घरी ग्लुकोमीटरवर बघत राहा.

दुसरी पायरी: मोजून ठेवा

सुधारणा इतकी सावकाश होते की मोजलं नाही तर ती दिसतच नाही आणि माणूस कंटाळून सोडून देतो. भिंतीकडे तोंड करून उभे राहा, बोटांनी चढत हात जिथे थांबेल तिथे पेन्सिलीने खूण करा आणि बाजूला तारीख घाला. पाठीमागे अंगठा कुठवर जातो ते पाहा: खिशापर्यंत, कमरेपर्यंत, की झंपराच्या हुकापर्यंत. दोन्ही गोष्टी भिंतीवरच्या कालनिर्णयावर दर रविवारी लिहा, रोज नको. त्याच चौकोनात ‘झोप बरी’ किंवा ‘दोनदा उठलो’ एवढं लिहिलंत तर मला दहा प्रश्न कमी विचारावे लागतात.

तिसरी पायरी: शेक आणि लंबक

व्यायामाच्या आधी दहा-पंधरा मिनिटं गरम पाण्याच्या पिशवीने शेक घ्या, किंवा गरम पाण्याने आंघोळ झाल्या झाल्या व्यायाम करा. पावसात वीज जाते म्हणून विजेच्या पॅडपेक्षा रबरी पिशवी बरी. मधुमेहामुळे कातडीची जाणीव कमी झाली असेल तर पिशवीला टॉवेल गुंडाळा आणि उष्णता दुसऱ्या हाताने तपासा. व्यायामानंतर ठणकलं तर थोडा वेळ बर्फ.

दुखण्याच्या टप्प्यातला मुख्य व्यायाम लंबकाचा. ‘फ्रोझन शोल्डर’ हे नाव १९३४ मध्ये ज्यांनी दिलं त्या अमेरिकन सर्जन अर्नेस्ट कॉडमन यांच्याच नावाने तो ओळखला जातो. दिसायला फारच सोपा, आणि दहातले आठ जण तो चुकीचा करतात असं मला वाटतं. चांगला हात टेबलावर टेकवून कमरेतून पुढे वाका, गुडघे थोडे सैल ठेवा. दुखरा हात खाली लोंबू द्या. इथे हात मेल्यासारखा सैल पाहिजे. आता हात हलवू नका, अंग हलवा. विहिरीत सोडलेली कळशी स्वतःहून हलत नाही, दोर हलतो म्हणून ती झोके घेते. तुमचा हात ती कळशी. वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर घ्या, हात आपोआप पुढे-मागे, बाजूला आणि मग छोट्या वर्तुळात फिरू लागेल. एक-दोन मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. दंडाचा स्नायू दुसऱ्या हाताने चाचपून बघा, तो कडक लागला तर तुम्ही हात स्वतः फिरवताय.

लंबकाबरोबर दोन गोष्टी घ्या. जेवणाच्या टेबलाशी बसून हाताखाली पंचा ठेवा आणि अंग पुढे झुकवत हात पुढे सरकू द्या. पाच-दहा सेकंद थांबा, परत या. हे दहा वेळा. दुसरं, उताणे पडून लांब दांड्याची छत्री दोन्ही हातांत आडवी धरा, कोपरं अंगाशी ठेवा आणि चांगल्या हाताने छत्री ढकलत दुखऱ्या हाताचा पंजा बाहेर न्या. कोपराखाली टॉवेलची घडी असू द्या. आपल्याकडे छत्री दाराशी कायम असते, म्हणून मी काठी विकत आणायला सांगत नाही.

किती दुखलेलं चालेल

शिकून नुकती कामाला लागले होते तेव्हाची गोष्ट. एक शिक्षिका यायच्या. फळ्यावर लिहिता येत नाही म्हणून बेजार झालेल्या, आणि सुटी संपायच्या आत हात वर न्यायचाच असा त्यांचा निश्चय. मीही उत्साहात होते. त्या दात-ओठ खाऊन सोसत राहिल्या आणि मी दाबत राहिले. त्या दिवशी हात आधीपेक्षा दहा अंश वर गेला, आम्ही दोघी खूष झालो. पुढच्या तीन रात्री त्यांना झोप नाही. चौथ्या दिवशी आल्या तेव्हा दुखरा हात पोटाशी घट्ट धरलेला होता आणि हात पहिल्या दिवसापेक्षाही खाली अडत होता. त्यांच्या पिशवीतली सूज मीच वाढवली होती. मला ते अजून लागतं.

नेदरलँड्समध्ये ७७ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. काही जणांना दुखण्याच्या पलीकडे नेणारी जोरदार फिजिओथेरपी दिली, बाकीच्यांना दुखेल त्याच्या अलीकडे थांबून हलका व्यायाम आणि धीर दिला. दोन वर्षांनी हलक्या व्यायामाच्या गटातल्या ८९ टक्के रुग्णांचा खांदा जवळजवळ पूर्ववत होता, जोरदार उपचारांच्या गटात ६३ टक्क्यांचाच. दुखण्याच्या टप्प्यात मी त्या शिक्षिकांनंतर कोणाचाही हात जबरदस्तीने वर नेलेला नाही.

म्हणून मोजमाप असं ठेवा. दहापैकी तीनपर्यंतची ओढ चालेल. ती अर्ध्या तासात निवली पाहिजे. आणि रात्र कालच्यासारखीच गेली पाहिजे. रात्री जास्त जाग आली तर दुसऱ्या दिवशी व्यायाम निम्मे करा, बंद मात्र करू नका. झोळीत अडकवून ठेवलेला हात आणखी आखडतो.

कोणीतरी ‘एका झटक्यात मोकळा’ करून देतो म्हणून नेईल, जाऊ नका. एका वयस्क बाईंचा हात असा ओढला गेला आणि त्या माझ्याकडे आल्या तेव्हा एक्स-रेत दंडाच्या हाडाला चीर होती. हाडं ठिसूळ झालेल्या वयात हे सहज होतं.

चौथी पायरी: आखडलेला हात ताणणे

रात्री शांत जायला लागल्या, दुखणं फक्त हालचालीच्या टोकाला उरलं, की टप्पा बदलला. आता ताणाला वेळ द्यायचा. एकेक ताण १५ ते ३० सेकंद धरायचा, तीन ते पाच वेळा, दिवसातून दोन-तीनदा.

सुरुवात बाहेर फिरवण्यापासून करा. दाराच्या चौकटीशी उभे राहा, कोपर अंगाशी काटकोनात, पंजा चौकटीला टेकवा आणि पाय उचलत हळूहळू अंग उलट दिशेला वळवा. मग भिंतीवर बोटं चढवणे. इथे आरसा लागतो, कारण हात वर जात नाही तेव्हा आपण नकळत सगळा खांदा कानाकडे उचलतो आणि हात वर गेला असं समजतो. खांदा खाली ठेवून चार बोटं कमी चढली तरी तीच खरी. तिसरा, दुखरा हात छातीवरून पलीकडच्या खांद्याकडे नेऊन चांगल्या हाताने कोपर जवळ ओढणे.

पाठीमागे टॉवेल धरून वर ओढायचा व्यायाम सगळे आधी करायला जातात, कारण अडचण तिथे रोज जाणवते. तो शेवटी घ्या. पुढची बाजू सुटण्याआधी मागे ओढलं तर खांदा लगेच ठणकतो.

विहिरीची जुनी कप्पी घरात पडली असेल तर ती दाराच्या वरच्या चौकटीला नीट टांगा, दोर ओवा आणि खुर्चीवर बसून चांगल्या हाताने ओढत दुखरा हात वर न्या. जोर चांगल्या हाताचा, दुखरा नुसता प्रवासी. हेही दुखण्याच्या टप्प्यात नको.

फिजिओकडे गेल्यावर

पहिल्या दिवशी कोन मोजून लिहिला का, घरचे व्यायाम तुमच्याकडून करवून पाहिले का, हे बघा. आमच्या हातांचं खरं काम मोबिलायझेशन: दंडाच्या हाडाचा गोळा त्याच्या वाटीत मागे, खाली असा बारीक सरकवणे, जे तुम्हाला स्वतः करता येत नाही. अल्ट्रासाऊंड किंवा आयएफटीच्या (सौम्य वीजप्रवाहाच्या) मशीनने थोडा वेळ बरं वाटू शकतं, पण मशीन पिशवी ताणत नाही. अर्ध्या तासातला बहुतेक वेळ मशीनखालीच जात असेल तर स्पष्ट विचारा, आम्हाला राग येत नाही.

बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या सरकारी इस्पितळात, हे उपचार मिळतात. पण सत्तरी किंवा पेडण्याहून दोन बस बदलून आठवड्यातून तीनदा येणं कोणालाही जमत नाही, आणि दांड्याला धरून उभं असताना बसने ब्रेक मारला की दुखऱ्या खांद्याला बसणारा हिसका सगळ्यांच्या ओळखीचा आहे. दांडा चांगल्या हाताने धरा, दुखऱ्या हाताचा अंगठा पॅन्टच्या खिशात किंवा पर्सच्या पट्ट्यात अडकवा. फिजिओला सांगून पंधरा दिवसांतून एकदा येण्याचा आणि मध्ये घरी रोज करण्याचा बेत ठरवा. रोज घरी दोनदा करणारा माणूस नुसत्या क्लिनिकवर विसंबणाऱ्यापेक्षा लवकर सुटतो, हा माझा अनुभव आहे.

पाचवी पायरी: ताकद

हात सुटायला लागला की स्नायू जागे करा. भिंतीला पंजा दाबून पाच सेकंद धरणे, पाठीवरची खांद्यांची दोन्ही पाती मागे जवळ आणणे, भिंतीवर टेकून जोर काढणे, मग इलास्टिकची पट्टी. आणि घरातली कामं हळूहळू परत त्या हाताकडे द्या: दोरीवर कपडे वाळत घालणे, वरच्या फळीवरचा डबा काढणे, आडोळीवर नारळ किसणे. केसांत अबोलीची फाती माळता येणं ही माझ्याकडच्या बायकांची खूण आहे. त्यात हात वर जातो, बाहेर फिरतो आणि डोक्यामागे थांबतो, म्हणजे तिन्ही गोष्टी एकदम लागतात.

नाहीच सुटला तर

सहा-आठ महिने मनापासून करूनही हात जिथल्या तिथे राहिला तर पुढचे मार्ग आहेत. सांध्यात द्रव भरून पिशवी फुगवणं, भूल देऊन हात फिरवणं, किंवा दुर्बिणीतून पिशवी सोडवणं. ब्रिटनमध्ये ५०३ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात, जो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, इंजेक्शनसह फिजिओथेरपी, भूल देऊन हात फिरवणं आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया यांतला कोणताही मार्ग वर्षअखेर इतरांपेक्षा ठळकपणे सरस ठरला नाही. म्हणून घाईने ऑपरेशन टेबलावर जायचं कारण नाही, आणि गरज पडली तर घाबरायचंही कारण नाही. भूल दिल्यावर मोकळा झालेला हात मात्र त्याच आठवड्यात व्यायाम सुरू केला नाही तर पुन्हा आखडतो, तेव्हा फिजिओची वेळ शस्त्रक्रियेच्या आधी ठरवून ठेवा.

मधुमेह असेल तर सगळ्याच पायऱ्यांना जास्त वेळ लागतो. आणि दुसरा खांदा नजरेखाली ठेवा, कारण पुढच्या काही वर्षांत तोही धरू शकतो. महिन्यातून एकदा, कालनिर्णयाचं पान उलटताना, कोपरं बरगड्यांना लावून दोन्ही पंजे बाहेर नेऊन बघा. चांगला हात पूर्वीपेक्षा कमी जातोय असं वाटलं तर पुढच्या सणाची वाट पाहू नका, त्याच आठवड्यात या.